विंडोज चालत नाही म्हणजे कॉम्प्युटर मेला असं होत नाही

मंडळी, आज जरा स्पष्टच बोलतो. राग आला तर खाली कमेंटमध्ये काढा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. तेव्हापासून सणसर, भवानीनगर, बेलवाडी सगळीकडून मला एकच फोन येतो, "जुने पीसी काढायचेत, भंगारवाला किती देईल?" आणि या निमित्तानं माळ्यावरचे एक्सपी आणि ९८ चे डबेसुद्धा खाली यायला लागलेत. किलोवर विकायला!

विहिरीवरचं जुनं इंजिन धूर टाकायला लागलं तर आपण ते लगेच भंगारात घालतो का? रिंगा बदलतो, नोझल बघतो, मग ठरवतो. मग कॉम्प्युटरनंच काय घोडं मारलंय?

आता गंमत बघा. लॅपटॉप घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "विंडोजचा देऊ का डॉसचा?" डॉसचा काही हजारांनी स्वस्त. आपण तो घेतो आणि त्याच संध्याकाळी चोरीची विंडोज टाकून घेतो. त्यात आधी जे होतं ते बहुतेक वेळा फ्रीडॉस होतं, हे ना दुकानदार सांगतो ना आपण विचारतो.

हे फ्रीडॉस कुठल्या मोठ्या कंपनीनं काढलेलं नाही. १९९४ साली मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार हे दिसायला लागलं. तेव्हा अमेरिकेत विस्कॉन्सिनमधला जिम हॉल नावाचा फिजिक्सचा विद्यार्थी म्हणाला, मग आपणच बनवू. डॉससाठीच्या छोट्या छोट्या कमांड त्यानं आधीच लिहिल्या होत्या. २९ जून १९९४ ला त्यानं ही कल्पना जाहीर केली. पॅट विलानीनं कर्नल दिला, टिम नॉर्मननं कमांड वाचणारा प्रोग्रॅम दिला, बाकी लोकांनी एकेक कमांड लिहिली. पहिली पूर्ण आवृत्ती यायला २००६ उजाडलं. १.४ आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आली. म्हणजे विंडोज १० चा सपोर्ट संपायच्या सहा महिने आधी हौशी लोकांनी डॉसची नवी आवृत्ती काढली, तीही फुकट आणि सोर्सकोडसकट. ६४० केबी मेमरीच्या मशीनवरही हे चालतं. केबी म्हणतोय, जीबी नाही.

यात शिकण्यासारखं काय? एक कमांड, एक काम. 'डीर' यादी दाखवते, 'फाइंड' शब्द शोधते, 'सॉर्ट' क्रम लावते, 'मोर' एकेक पान दाखवते, 'एफसी' दोन फाइलींतला फरक सांगते. मधे एक उभी रेघ टाकली की एकीचं उत्तर दुसरीकडे जातं. कालव्याचं पाणी चारीत, चारीचं पाटात, पाटाचं सरीत, अगदी तसंच. दारं धरलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं. नुसतं आयकॉनवर क्लिक करायला शिकलेल्या पोराला मात्र आपली फाइल नेमकी कुठल्या फोल्डरमध्ये गेली तेच सांगता येत नाही. सर्टिफिकेट भिंतीवर, फाइल बेपत्ता!

कोणी म्हणेल, "जग एआयकडे चाललंय आणि तुम्ही पोरांना डॉस शिकवताय." अहो, ते एआय ज्या सर्व्हरवर चालतं तिथं लिनक्स असतं आणि ते कमांड टाइप करूनच सांभाळतात. आपली हिंजवडीला गेलेली पोरं विचारून बघा, दिवसभर काळ्या पडद्यासमोरच बसतात. डॉस म्हणजे लिनक्स नव्हे, पण बाराखडी इथं गिरवता येते.

फ्रीडॉसला मर्यादा आहेत, त्या लपवत नाही. त्यावर बँकेचं काम, ऑनलाइन सातबारा वगैरे करत बसू नका. देवनागरी आपसूक दिसत नाही. जुन्या डॉसवर मराठी आणायला आपल्या पुण्याच्या सी-डॅकला जिस्टचं वेगळं कार्ड काढावं लागलं होतं. एनटीएफएसची डिस्क ते वाचत नाही. बायोस नसलेल्या नव्या मशीनवर ते थेट सुरूही होत नाही. पण जुन्या मशीनवर जुनं काम? तिथं याच्याइतकं हलकं काही नाही.

आणि खरा प्रश्न मशीनचा नाहीच, आतल्या हिशेबाचा आहे. आपल्या भागातल्या दूध संस्था, पतसंस्था, सोसायट्यांची कितीतरी खाती वर्षानुवर्षं डॉसवरच्या फॉक्सप्रोमध्ये लिहिली गेली. एका संस्थेनं (नाव घेत नाही) असा पीसी वजनावर विकला. पुढं एका सभासदाचा वारस शेअर्सची नोंद विचारायला आला, तर उत्तर मिळालं, "ते जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं." झालं, विषय संपला. बापानं भरलेले पैसे भंगाराच्या काट्यावर गेले! कागदाचं रजिस्टर असं रद्दीत घातलं असतं तर वार्षिक सभेत गोंधळ झाला असता. इथं कोणी चकार शब्द काढला नाही.

ते वाचवायला तासभर पुरला असता. जुन्या फॅट डिस्कवरच्या फाइली फ्रीडॉस सरळ वाचतं. पेनड्राइव्हवरून किंवा सीडीवरून मशीन सुरू करायचं, 'डीर'ला सगळे फोल्डर बघायला सांगून डीबीएफ फाइली शोधायच्या, 'एक्सकॉपी'नं उतरवायच्या आणि 'एफसी'नं ताडून बघायच्या. त्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. मराठी नावं वेड्यावाकड्या अक्षरांत दिसली तर घाबरू नका. तो जुना इस्की किंवा फॉन्टचा प्रकार असतो, तो युनिकोडमध्ये बदलता येतो. फक्त 'फॉरमॅट' आणि 'एफडिस्क'ला हौस म्हणून हात लावू नका.

म्हणून सरळ मागण्या मांडतो:

१) गावातल्या कुठल्याही संस्थेनं जुना कॉम्प्युटर विकायच्या आधी आतला डेटा काढल्याची नोंद प्रोसिडिंग बुकात करावी. सभासदांनी ती मागावी.

२) शाळेनं चालू स्थितीतला एक जुना पीसी पोरांसाठी ठेवावा. बिघडला तर बिघडू दे, बिघडवूनच शिकतात.

३) जे खरंच मेलंय ते अधिकृत ई-कचरावाल्याकडेच द्या. तांब्यासाठी बांधावर वायरी जाळायचं बंद करा. तो धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

सणसर आणि आसपासच्या कुठल्या संस्थेला डेटा काढून हवा असेल तर मशीन घेऊन या, चहावर करून देतो. पण भंगारवाल्याचा टेम्पो दारात यायच्या आधी या. नंतर आलात तर माझ्याकडे त्यावर कुठलीच कमांड नाही.

पटलं तर आपापल्या संस्थेच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर का नाही ते लिहा, उत्तर देईन.