चार प्रश्न आणि शिंप्याची टेप



आपल्याकडे बाईची साखर तपासली जाते कधी? मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं की, नाहीतर पायाची जखम भरेना झाली की. त्याच्या अलीकडची पायरी, जिला डॉक्टर प्रीडायबेटिस म्हणतात, तिचं बहुधा काही लक्षणच दिसत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेह असलेले सुमारे १०.१ कोटी आणि या पायरीवर उभे असलेले १३.६ कोटी, असा अंदाज निघाला. आत गेलेल्यांपेक्षा दारातली रांग मोठी!

माझं मत सांगते. फॅमिली डॉक्टरांनी पस्तिशीपुढच्या प्रत्येक बाईला चार प्रश्न विचारलेच पाहिजेत. आपण दवाखान्यात जातो त्या बहुतेक वेळा 'यांचं' बीपी दाखवायला. आपण शेजारच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन. आपली कंबर कोणी मोजत नाही.

हे प्रश्न चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आपल्या लोकांसाठी तयार केलेल्या इंडियन डायबेटिस रिस्क स्कोअरमधले आहेत. न सापडलेला मधुमेह हुडकायला तो बनवला, पण आता प्रीडायबेटिसच्या शोधातही वापरतात. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, पन्नाशीपासून ३०. बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असेल तर शून्य, ८९ पर्यंत १०, ९० पासून पुढे २०. आईवडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. नियमित व्यायामही नाही आणि अंगमेहनतही नाही, तर ३०. दोन्हींतलं एकच असेल तर २०. एकूण १००, ६० किंवा त्याच्या पुढे जोखीम जास्त.

मी बी.कॉम. झालेली, त्यामुळे आकडे दिसले की बेरीज मांडते. वय आणि आईवडील मिळून ५०, ते आपल्या हातात नाहीत. कंबर आणि हालचाल मिळून ५०, ते आहेत. आणि दुसरी बेरीज जरा झोंबणारी: पन्नाशी उलटलेली आणि दिवसभर बसलेली बाई कंबर मोजायच्या आधीच ६० वर पोचते. वजनकाट्यावर बारीक दिसली तरी.

"मी तर दिवसभर पायावरच असते" हे उत्तर मला ठाऊक आहे. पण आपल्या आज्या जात्यावर दळत, विहिरीचं पाणी ओढत. आपल्याकडे घरघंटी, मशीन आणि भांड्यांना बाई. ओट्यापाशी उभं राहणं ही अंगमेहनत नव्हे. सामायिकाला ४८ मिनिटं आपण बसतोच ना, मग मंदिरात चालत जायला वेळ का नसावा? (आणि चौविहार पाळला म्हणून संध्याकाळी पाचला तळलेलं फरसाण पोटभर खाल्लेलं माफ होत नाही.)

या स्कोअरची एक उणीव मला खटकते. गरोदरपणात साखर वाढली होती का, हे तो विचारत नाही. त्यामुळे तिशीतल्या सुनेला वयाचा शून्य मिळतो आणि ती सुटते. खरं तर अशा बाईला पुढे मधुमेहाचा धोका जास्त असतो आणि बाळंतपणानंतरही तिची तपासणी होत राहायला हवी. बाळाच्या लसी आपण तारखेवार लक्षात ठेवतो, तिची तारीख कोण ठेवतं? सासूनेच ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुण जास्त आले म्हणजे आजार झाला असं नाही. त्याचा अर्थ रक्त तपासायचं. उपाशीपोटी साखर १०० ते १२५, किंवा एचबीएवनसी ५.७ ते ६.४ आली तर त्याला अनेक डॉक्टर प्रीडायबेटिस म्हणतात. साखरेची गोळी चालू असेल तिने अठ्ठाईचे पच्चक्खाण घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

टेप शिवणाच्या डब्यात असेलच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. साडीच्या निऱ्यांवरून नव्हे हं!