सोमवारची पहिली पाळी ही शेवटची मुदत : व्यवस्थापनाला जाहीर इशारा

व्यवस्थापन आणि त्यांच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरांनो,

चाकण एमआयडीसीतल्या आपल्या कारखान्यात रोज पहाटे पडदे ओढलेल्या बसमधून नवी पोरं आत नेली जात आहेत. गेटसमोरच्या मांडवातून आम्ही हे पाहतो आहोत. हे आता बस्स.

आमचा संप कायदेशीर आहे. नोटीस दिली. मुदतभर उत्पादन चालू ठेवलं. समेटाची बोलणी फसली, त्यानंतरचे सात दिवसही मशीनवर उभे राहिलो आणि मगच बाहेर पडलो. अशा संपात नवी भरती करणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. 1971 च्या महाराष्ट्राच्या कायद्यात ते लिहिलं आहे आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही. संहितेनुसार दंड 10 हजार ते 2 लाख रुपये. तो तुम्ही खर्चात धरला असेल. पोरांची बोटं कुठल्या खात्यात धरलीत?

तुम्ही त्यांना उभं करता त्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम खाली येऊ नये, म्हणून. टार्गेटसाठी एक बटण पाचर मारून दाबून ठेवलं, की एक हात मोकळा होतो आणि अडकलेला पार्ट काढायला तोच आत जातो. जुना ऑपरेटर अशा प्रेसला हात लावत नाही. परवा आलेल्या पोराला नाही म्हणायची सोय आहे का?

बसमधल्या भावांनो, तुमच्याशी वैर नाही. आमच्यातलेही कित्येक असेच पोटासाठी इथं आले. मांडवात या, दोन घास खा. तुमच्या अंगाला कोणी हात लावणार नाही.

2013 मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातला संप 50 दिवसांनी मागण्या मान्य न होताच मागे घ्यावा लागला, हा दाखला आम्हाला देऊ नका. त्यावरून आम्हीही शिकलो. शिधा, वर्गणी, वकील, सगळी तयारी करूनच उतरलो आहोत.

सोमवारी सकाळी 7 च्या पाळीआधी :

1. बदली भरती थांबवा.
2. नवख्या मुलांना प्रेसवरून हटवा.
3. वाटाघाटींची तारीख लेखी द्या.

नाहीतर त्याच दिवशी कायदेशीर तक्रार दाखल होईल आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे प्रेस शॉपच्या तपासणीची मागणी जाईल. मंगळवारी पिंपरीच्या आंबेडकर पुतळ्यापासून वाकडेवाडीच्या कामगार कार्यालयावर बायकापोरांसह शांततेत मोर्चा निघेल.

आजपासून तुम्हाला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. यापुढे आत एकाचंही बोट तुटलं, तर त्याला आम्ही अपघात म्हणू देणार नाही.

— संपकरी कामगार