कन्या ३

आपण ज्याला 'घराण्याचा इतिहास' म्हणून कौतुकाने मिरवतो, तो बहुतेक वेळा नुसता आडनावाचा इतिहास असतो. घराण्यात माणसं किती झाली आणि कागदावर आली किती, हा हिशोब एकदा कुणीतरी मांडायला हवा. मी मांडते. नातेवाईक मंडळी इथे वाचायला येतात हे मला माहीत आहे आणि आजचं त्यांच्यासाठीच आहे. रागवायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा :)

निमित्त झालं गेल्या शनिवार-रविवारचं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी, काकांकडे जाऊन आलो. कराडला आत्या सांगलीहून एसटीने येऊन थांबलीच होती, तिला गाडीत घेतलं. पुढे मलकापूर, अणुस्कुरा घाट, पाचल आणि गाव. घाटात थांबून काढलेले फोटो, आंब्याला आलेला मोहोर, काकूच्या हातचं कुळथाचं पिठलं, सगळं लिहिणार होते. ते पुन्हा कधीतरी. कारण शनिवारी संध्याकाळी पडवीत जे झालं ते अजून डोक्यातून जात नाहीये.

काका आमच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढताहेत. पहिली १९८६ सालची. अशी पुस्तकं ज्यांच्या घरी आहेत त्यांना वर्णन करून सांगायला नको. कापडी बांधणी, पहिल्या पानावर कुलदैवत, मग मूळ पुरुष, आणि शेवटी घड्या घातलेले वंशवृक्ष, जे एकदा उलगडले की परत त्याच घडीत कधी बसत नाहीत. काका गेली चार वर्षं पदरमोड करून माहिती गोळा करताहेत. शहात्तराव्या वर्षी एसटीने गावोगाव फिरताहेत. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे, आणि तो आहे म्हणूनच हे लिहायला बसले. आळसाने केलेल्या कामावर कोण कशाला भांडेल?

तर काकांनी सगळ्यांना भरायला एक फॉर्म दिला. नाव, जन्मसाल, शिक्षण, व्यवसाय, पत्नीचे नाव. त्याखाली, 'पुत्र (नावे)'. आणि त्याखाली, 'कन्या (संख्या)'.

पुत्रांची नावे आणि कन्यांची संख्या. गुरं मोजतात तशी.

आत्याने चष्मा लावून जुनं पुस्तक उघडलं आणि आजोबांचं पान काढलं. तिथे चार ओळी आजोबांवर, मग पुत्र दोन, त्यांची नावं, जन्मसालं, शिक्षण, सगळं. आणि खाली 'कन्या ३'. बस. आत्या हसली आणि म्हणाली, "यातली दोन नंबरची मी."

आता या दोन नंबरच्या कन्येबद्दल सांगते. आत्या आता एकोणऐंशी वर्षांची आहे. तिला मोडी वाचता येतं. तिच्या पिढीला शाळेत मोडी नव्हतं, पण तिच्या आजोबांनी तिला घरी बसवून शिकवलं. मुलगे कंटाळून पळायचे, ही बसायची. पहिल्या आवृत्तीच्या वेळी माळ्यावरच्या पेटीतले कागद वाचणार कोण हा प्रश्न आला, तेव्हा मे महिन्यात मुलांना घेऊन माहेरी आलेल्या आत्याने ते वाचले. मूळ पुरुषापासून तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतची नावं, कुणी कुठलं शेत घेतलं, कुणाचा वाद कुणाशी झाला, पुस्तकातला निम्मा जुना भाग तिच्या वाचनातून आलाय. प्रस्तावनेत त्याचा उल्लेखही आहे: घरातील ज्येष्ठांनी मोडी कागद वाचून दिले. ज्येष्ठ! आत्या तेव्हा चाळीस वर्षांची होती.

म्हणजे जिने घराण्याचा इतिहास वाचून दाखवला, ती त्या इतिहासात आकडा आहे.

पडवीत मी हे बोलले तेव्हा जी उत्तरं आली ती तुमच्याही घरात येतील, म्हणून एकेक घेते.

पहिलं उत्तर: मुली लग्न होऊन जातात, त्यांची नोंद सासरच्या पुस्तकात होतेच. होते का? आत्याच्या सासरी छापील पुस्तक नाही. आणि असतं तरी तिथे कुठली बाई सापडली असती? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं दुसरंच नाव असलेली. इतिहासातली दोन उदाहरणं सगळ्यांना माहीत असतात. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच. या दोघी मोठ्या झाल्या म्हणून त्यांची जुनी नावं आपल्याला ठाऊक. बाकी हजारो यमुनांचं काय? माहेरच्या पुस्तकात संख्या, सासरच्या पुस्तकात वेगळं नाव. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली तरी ती एकच बाई आहे हे कुणाला जुळवता येणार नाही.

दुसरं उत्तर: वंश मुलाकडून चालतो, वंशावळ ही वंशाचीच असणार. ठीक आहे, गणित करू. मला आई-वडील दोन. आजी-आजोबा चार. पणज्या-पणजोबा आठ. असं दर पिढीला दुप्पट करत गेलं की दहा पिढ्या मागे १०२४ माणसं होतात. आपल्याकडची नात्यातली लग्नं धरली तर काही माणसं दोनदा मोजली जातील, चालेल. या हजाराच्या घरातल्या माणसांपैकी कुलवृत्तांत कुणाला ओळखतो? एकाला. वडिलांचे वडील, त्यांचे वडील, अशी एकच काठी पकडून आपण वर चढतो आणि खाली येऊन सांगतो की अख्खं झाड पाहिलं. शिवाय विज्ञानच काढायचं तर मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडूनच येतो. तो मुलग्यांनाही मिळतो, पण पुढच्या पिढीला देतात फक्त मुली. वाय गुणसूत्राची ओळ तेवढी खरी आणि ही खोटी, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

तिसरं उत्तर, जे फार ठामपणे दिलं जातं: ही परंपरा आहे. इथे मात्र मला खरोखर हसू आलं. कारण भाद्रपदात पितृपक्षात महालयाला बसणाऱ्याने कधी नीट ऐकलंय का, भटजी कुणाकुणाची नावं विचारतात? आई, आजी, पणजी. आईचे वडील, आईची आई. काका, मामा, भाऊ. आणि त्याच यादीत आत्या, मावशी, बहीण, मुलगी. गेलेल्या बाईचं नाव आणि गोत्र माहीत असावं लागतं, 'आत्या, नग दोन' असं म्हणून पिंड देता येत नाही. म्हणजे ज्या धर्मविधीला आपण जुनाट म्हणतो त्यालाही बाईचं नाव लागतं. छापखाना आला, कापडी बांधणी आली, आणि तिथे ती संख्या झाली. मग परंपरा कुठली पाळतोय आपण?

आणखी मागे जायचं असेल तर नाशिकची लेणी लांब नाहीत. तिथल्या तीन नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आपले इतके जुने राजे आईचं नाव लावून मिरवत होते. त्यांच्यामुळे काही समाजात बायकांचं राज्य होतं असं मी म्हणत नाही. पण आईचं नाव लिहिल्याने पुरुषाचं काही कमी होत नाही, एवढं तर त्यावरून कळतं ना?

आणि आमच्याच घरातला पुरावा. रविवारी सकाळी आत्याने ती जुनी पेटी पुन्हा काढायला लावली आणि एक कागद मला वाचून दाखवला. शके १७८२ चा, म्हणजे इसवी सन १८६० च्या आसपासचा. माझ्या खापरपणजोबांच्या आईने, नवरा वारल्यावर, देवळातल्या नंदादीपासाठी एक भातखाचर दिल्याचा. जुन्या कागदात मुलाच्या आणि बापाच्या नावामध्ये 'बिन' लिहीत आणि बायको-नवऱ्याच्या नावामध्ये 'कोम'. तर या कागदावर तिचं नाव, मग कोम, मग नवऱ्याचं नाव आहे. खाली सही म्हणून बांगडीची निशाणी, कारण तिला लिहिता येत नव्हतं. लिहिता न येणाऱ्या बाईचं नाव १८६० च्या कागदावर आहे. १९८६ च्या पुस्तकात तिचा नवरा आहे, मुलगा आहे, दिलेलं भातखाचरसुद्धा आहे. 'घराण्याने दिले' असं लिहिलंय.

तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते आधी पुस्तकात आलं पाहिजे.

शेवटचं उत्तर कुणी तोंडाने देत नाही, पण ते सगळ्यांच्या मनात असतं. मुलींची नावं छापली की उद्या हिस्सा मागतील. तर त्याचंही बोलूनच टाकू. हिस्सा पुस्तक बघून मिळत नाही, कायद्याने मिळतो. वडिलांच्या वाट्यात मुलगी १९५६ च्या कायद्यापासून वारस आहे. महाराष्ट्राने १९९४ साली, तोवर लग्न न झालेल्या मुलींना, वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. २००५ च्या दुरुस्तीने तो देशभर, लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. आणि २००५ साली वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. वारसनोंदीच्या अर्जाला जी वंशावळ जोडतात तिच्यात 'कन्या ३' चालत नाही, तिथे तिन्ही नावं लिहावी लागतात. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरलाय. सरकारी कचेरी आपल्या कुलवृत्तांताच्या पुढे गेली, यापेक्षा आणखी काय सांगू!

आजोबा गेल्यावर १९९८ साली तिन्ही आत्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं. एकेक साडी मिळाली. आत्याला त्याचं आजही वाईट वाटत नाही, भावांकडे काय होतं तेव्हा, असं ती म्हणते. पण पडवीत कुणीतरी हिश्शाचा विषय काढल्यावर ती शांतपणे एवढंच म्हणाली, "अरे, जमीन सोडली मी. नाव कधी सोडलं होतं?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. काका उठून विहिरीचा पंप बंद करायला गेले.

काही घराण्यांनी आपापल्या पुस्तकात मुलींची नावं, त्यांची सासरची नावं, जावयांची गावं दिलेली आहेत. तेव्हा हे जमत नाही असं नाही, पुस्तक जाड होईल ही सबबही चालायची नाही. चाळीस पानं वाढली तर त्या पानांचा खर्च आम्ही बहिणी-बहिणी मिळून देऊ. माझ्या मागण्या मोजून चार आहेत. एक, प्रत्येक मुलीचं जन्मनाव, मग सासरचं. दोन, घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव, तिच्या आई-वडिलांची नावं आणि गाव. तीन, मुलींच्या मुलाबाळांची निदान एक पिढी. चार, पहिल्या आवृत्तीचे मोडी कागद कुणी वाचले, ते नावासकट प्रस्तावनेत.

चौथी मागणी आत्याने केलेली नाही. ती करणारही नाही. ती माझी आहे.

आणि वाचणाऱ्या बाकीच्यांना एक सांगणं. पुस्तक असो नसो, तुमच्या आजीच्या आईचं माहेरचं नाव तुम्हाला माहीत आहे का? आडनाव नव्हे, नाव. नसेल तर ज्यांना माहीत आहे त्या सत्तरी-ऐंशीतल्या आत्या-मावश्यांना आज फोन करा, दिवाळीची वाट बघू नका. आमच्याकडे दक्षिणेकडच्या गावांत हेळवी यायचा आणि पिढ्यांची नावं म्हणून दाखवायचा, त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्या असतात, पण बायकांची नावं सगळ्यात जास्त बायकांच्याच तोंडी टिकलीत. ती वही एकदा मिटली की मिटली.

असो. फार लांबलं. काका, फॉर्म भरून उद्याच्या कुरियरने पाठवतेय. 'संख्या' खोडून तिथे 'नावे' लिहिलंय, आणि तीन नावं भरली आहेत. छापताना तेवढं बघाल.