मागच्या दारातली पोती



सर्वसाधारण सभेत सभागृहाच्या अग्निशमनाचा खर्च वाचून दाखवला, तेव्हा मागच्या रांगेतून एक काका उठून म्हणाले, "एवढी वर्षं इमारत उभी आहे, कधी काडी पेटली नाही. हे पैसे उसाच्या दरात द्या!" टाळ्याही पडल्या. मला मात्र ते पटले नाही.

फडाला आग लागली तर माणूस वाट फुटेल तिकडे पळतो. सभागृहात जेवढी दारे तेवढ्याच वाटा. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 माणसे धुराने गुदमरून गेली. जादा बसवलेल्या खुर्च्यांनी बाहेरची वाट अडली होती.

आपले सभागृह बांधले तेव्हा वाळूच्या लाल बादल्या टांगल्या, की काम झाले असे समजत. पुढे राष्ट्रीय इमारत संहिता बदलत गेली. 2005 च्या आवृत्तीत आगीच्या भागाच्या नावातच 'जीवसुरक्षा' आली. इमारत वाचवायचीच, पण आतला माणूस आधी बाहेर काढायचा. आपल्या राज्याचा 2006 चा कायदा या संहितेला आणि तिच्यात वेळोवेळी होणाऱ्या सुधारणांना बांधलेला आहे. 2016 साली ती पुन्हा सुधारली. म्हणून एकदा खर्च केला आणि सुटलो, असे होत नाही.

"दोन-दोन पंप कशाला?" असेही विचारले गेले. अहो, आग लागली की पहिल्यांदा मेन स्विच पाडतात. मग विजेची मोटर काय कामाची? त्यासाठी डिझेलचा पंप. तिसरा छोटा पंप लाइनीत दाब धरून ठेवतो. नळ उघडून दाब उतरला, की मोठा आपोआप चालू होतो. पण फूटव्हॉल्व्ह गळका असला तर काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको! म्हणूनच कायद्याने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेचे तपासणी-प्रमाणपत्र मागितले आहे. जानेवारी म्हणजे ऐन हंगाम. कागद नुसता फाइलला लागायची भीती. त्या दिवशी दोन-चार सभासदांनी समोर उभे राहून पंप चालवून घ्यावा, असे माझे मत आहे.

आता घरचेच सांगतो. सभागृहाचे मागचे दार गेले वर्षभर खताच्या पोत्यांनी बंद आहे. पोती माझ्याच खात्याची. जागा नव्हती, म्हणून मीच ठेवायला सांगितली. येत्या सोमवारपर्यंत ती गोदामात हलवतो. खत न्यायला येणाऱ्यांनी यापुढे त्या दाराशी ट्रॅक्टर लावू नये.

— ऊस विकास अधिकारी