पीक वाळवायचे ‘औषध’ आणि जिवाचे मोल

यंदाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मोहोळ तालुक्यातले एक शेतकरी दवाखान्यात आले. पाठीवर भाजल्यासारखा लाल चट्टा आणि दोन दिवसांपासून नाकातून थोडे थोडे रक्त. विचारल्यावर म्हणाले, “डॉक्टरसाहेब, घासाचं बी धरलंय. शेंगा वाळल्या, पण पाला हिरवाच. मळणी होईना, म्हणून तणनाशक मारलं. पंप पाठीवर गळत होता.”

मी विचारले, “मामा, भुसकटाचं काय केलं?”

“म्हशीला घातलं की.”

पंप गळल्याचे त्यांना काही वाटले नव्हते, आणि भुसकटाचेही नाही. म्हणून आज हा विषय.

लसूणघास, मूग, उडीद या पिकांच्या शेंगा एकदम पिकत नाहीत. खालच्या वाळतात तेव्हा वरचा शेंडा हिरवा असतो. मजूर मिळत नाही, पाऊस तोंडावर असतो, हार्वेस्टर ठरलेला असतो. अशा वेळी उभ्या पिकावर तणनाशक मारले की दोन-चार दिवसांत पाला करपतो. शेतकऱ्याची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण हा उपाय महागात पडणारा आहे.

मध्य प्रदेशात नर्मदापुरम, हरदा भागात उन्हाळी मूग असाच वाळवतात. 2025 साली तेथील सरकारने याच कारणावरून मूग हमीभावाने घेण्यास आधी नकार दिला. शेतकऱ्यांची ओरड झाल्यावर खरेदी सुरू झाली. पण तोच मूग आपल्या आमटीत आणि लेकरांच्या खिचडीत येतो, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

या कामासाठी मुख्यतः दोन तणनाशके वापरतात. पहिले ग्लायफोसेट. ते झाडात भिनते आणि दाण्यापर्यंत पोहोचते. त्यामुळे बियाण्याची उगवण घटते, रोप दुबळे निघते. म्हणजे ज्या बियाण्यासाठी घास राखला, तेच बियाणे बिघडते. आपल्या देशात त्याला मान्यता आहे ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2015 मध्ये ते ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. इतर काही संस्थांचे मत वेगळे आहे. वाद मिटेपर्यंत आपण ते ताटात का घ्यावे?

दुसरे पॅराक्वाट. डॉक्टर म्हणून मला याची खरी धास्ती वाटते. याचे दोन-तीन चमचे पोटात गेले तरी माणूस दगावू शकतो, आणि यावर उतारा नाही. रोग्याचे तोंड, घसा सोलतो. मग एखाददुसरा दिवस तो बरा वाटतो, बोलतो. नातेवाईक म्हणतात, “वाचला, घरी नेऊ.” पण आत मूत्रपिंडे बंद पडत असतात आणि फुप्फुसे घट्ट होत जातात. शेवटपर्यंत शुद्धीवर असलेला माणूस श्वासासाठी तडफडतो. एक तरुण रोगी मी असा गमावला आहे. रागाच्या भरात एक घोट घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, “डॉक्टर, मला जगायचंय.” माझ्या हाती काही नव्हते.

केरळने 2011 मध्ये पॅराक्वाटवर बंदी घातली. युरोपात ते 2007 पासून बंद आहे, थायलंडमध्ये 2020 पासून. आपल्याकडेही ते बंद व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुधाबद्दल मात्र घबराट नको. पॅराक्वाटचा अंश दुधात फार थोडा उतरतो. पण म्हणून फवारलेला पाला हा चारा होत नाही. तसेच मुगाला मोड आले नाहीत म्हणजे तो विषारी, असेही नाही. जुन्या मुगालाही मोड येत नाहीत.

तेव्हा काही गोष्टी लक्षात ठेवा :

1) घास, मूग, उडीद कापून चार-पाच दिवस उन्हात वाळवा, मग मळणी करा. मुगाच्या शेंगा दोन-तीन तोड्यांत काढता येतात.

2) तणनाशक शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतू नका. कुलपात ठेवा.

3) अंगावर सांडले तर कपडे काढून साबणाने भरपूर धुवा.

4) पोटात गेले तर घरी मीठपाणी देऊन ओकारी काढू नका. बाटली सोबत घेऊन तडक मोठे रुग्णालय गाठा. बरे वाटले तरी घरी आणू नका.

5) डाळ घरी आणल्यावर दोन-तीन पाण्याने धुवा. आत भिनलेले जात नाही, पण वरचे काही निघते.

आपल्याकडे शेतातल्या विषालाही ‘औषध’ म्हणतात. आम्ही देतो तेही औषध, आणि पंपात भरतात तेही औषध! निदान घरात, लेकरांसमोर तरी त्याला विष म्हणा. नुसत्या नावाने सावध झालेला माणूसही वाचतो.