पौड रस्त्याचे वड वाचवा

पौड रस्त्यावर जेवढे जुने वड उरलेत, तेवढे आता मोजून घ्या. रुंदीकरणाचा पुढचा फेरा आला की मोजायलाही काही राहणार नाही.

पुणेकरांचा पौड रस्ता पौड फाट्याला सुरू होतो आणि फार तर चांदणी चौकात संपतो. मुळशीकरांचा तिथून सुरू होतो. भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड, मुळशी, मग ताम्हिणी उतरून थेट माणगाव. दवाखाना, कॉलेज, तहसील कचेरी, एमआयडीसीतली पाळी, सगळे याच वाटेवर. बारा मावळांतल्या पौड मावळाला कोकणाशी जोडणारी ही वाट. टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे सत्याग्रहाला बसले ते याच खोऱ्यात. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे त्यांच्याबरोबर होते. सत्याग्रह हरला, गावे पाण्याखाली गेली. विकासाची किंमत मुळशी तालुक्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

एखादा वड जवळून पाहा. बुंध्याला गेरू-चुन्याचे पट्टे, त्यावर क्लासच्या पाट्यांचे गंजलेले खिळे, वटपौर्णिमेचे विटके दोरे. रस्त्याकडच्या पारंब्या बसच्या टपाच्या उंचीवर सरळ रेषेत छाटलेल्या, शेताकडच्या मात्र जमिनीत उतरून खांबासारख्या जाड झालेल्या. खाली गाडीची वाट पाहणारी माणसे. पत्र्याच्या शेडखाली मे महिन्यात दुपारी दोन वाजता उभे राहून दाखवावे, मग थांबा कशाला म्हणतात ते कळेल.

आणि कायदा? राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, मोह, चिंच, आंबा, फणस, हिरडा आहेत. वड नाही. पन्नास वर्षांवरच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानणारी २०२१ ची दुरुस्ती झाली, पण ती शहरांसाठीच्या कायद्यात.

वाहतूक वाढणारच. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, पुढच्या ऑगस्टमध्ये नवे उड्डाणपूल खुले झाले. वनाजची मेट्रो चांदणी चौकापर्यंत न्यायला जून २०२५ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. चांगलेच आहे. भूगावच्या कोंडीत अडकलेल्या रुग्णवाहिकेपुढे झाडाचे कौतुक कोण ऐकणार? रस्ता नको, असे आम्ही म्हणतच नाही. पण दोन मार्गिकांच्या मधल्या दुभाजकात वड ठेवता येतो, थांब्याची जागा वडाखालीच आखता येते. आराखडा कागदावर असतानाच हे होते; जेसीबी आल्यावर नाही. ‘एकाच्या बदल्यात दहा रोपे’ हे आश्वासन तर ऐकूच नका. रोपाला पारंब्या फुटेपर्यंत आपली नातवंडे म्हातारी होतील.

म्हणून रस्त्यावरच्या प्रत्येक गावाने आपल्या हद्दीतले वड मोजावेत. घेर, फोटो, जवळचा किलोमीटरचा दगड लिहून ठेवावा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती असायला हवी, २००२ चा कायदाच तसे सांगतो. तिच्या नोंदवहीत ही झाडे चढवा. सार्वजनिक बांधकाम खात्याकडे आराखडा मागा, माहिती अधिकारात मागा. ग्रामसभेनंतरही सरपंच टाळाटाळ करील, तर चार घरच्या बायकांनी वटपौर्णिमेच्या पूजेच्या वेळीच सह्या गोळा कराव्यात; त्यांना नाही म्हणण्याची हिंमत कुणाची नाही.

१ मेच्या ग्रामसभेत हे वड मोजून राखण्याचा ठराव मांडा. विषयपत्रिकेवर यायचा असेल, तर अर्ज आधी द्यावा लागतो. तो याच आठवड्यात द्या.