हळदीचे पेटंट आठवीच्या वर्गात शिकवा

जखमेवर हळद लावावी, हे मराठी घरातल्या पोराला शिकवावे लागत नाही. त्याच उपयोगावर १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या भारताच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने संस्कृत उल्लेख आणि १९५३ चा एक शोधनिबंध पुढे केला. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

अशी लढाई कागदपत्रांवर जिंकता येते आणि ती लढणे हा एक पेशा आहे, हे शाळेत क्वचितच सांगितले जाते. जीवशास्त्र आवडणाऱ्या मुलांपुढे डॉक्टरकी नाहीतर फार्मसी, एवढेच ठेवले जाते. वास्तविक भारतात पेटंट एजंट होण्यासाठी कायद्याची पदवी लागत नाही. भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षे, विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि पेटंट कार्यालयाची परीक्षा, एवढ्यावर नोंदणी होते. नव्या स्टेंटमध्ये किंवा लशीत नेमके नवे काय, ते शब्दांत पकडणे हे त्यांचे काम.

शाळेत हे शिकवण्याची सुरुवात विज्ञान प्रदर्शनापासून व्हावी. पेटंटच्या अर्जाआधीच उपकरण जाहीरपणे मांडले, तर नावीन्याचा दावा सहसा हातचा जातो. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांनाच १२ महिन्यांची सवलत आहे. प्रदर्शनाच्या प्रवेशपत्रिकेवर एवढी सूचना तरी शाळांनी छापावी.